किती राहिले?

“दादा, अजून किती राहिलंय?” असे तिने विचारले, तेव्हा मी वाकून रस्त्यावरचे चेपलेले कागदी पेले गोळा करत होतो. अर्धमॅरेथॉनच्या मार्गावरचे ते शेवटचे पाण्याचे टेबल होते आणि आम्हा स्वयंसेवकांची आवराआवर सुरू झाली होती. बहुतेक सगळे धावपटू केव्हाच पुढे निघून गेले होते. ऊन चढले होते, सांडलेल्या पाण्याचे ओघळ सुकत आले होते आणि पहाटेपासून टाळ्या वाजवून वाजवून माझे तळवे हुळहुळत होते. ती पन्नाशीच्या आसपासची असावी. छातीवर लावलेला बिबचा, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा, कागद घामाने भिजून वळला होता, त्याच्या एका कोपऱ्याची पिन निघाली होती आणि तो फडफडू नये म्हणून तिने तो डाव्या हाताने धरून ठेवला होता. म्हणजे किती अंतर ती बाई एकच हात हलवत धावत आली होती, कोण जाणे. तिच्या कपाळावर आणि ओठांच्या कडांना घामाचे मीठ पांढरे होऊन बसले होते. मी पेला पुढे केला. निम्मे पाणी ती प्यायली, निम्मे तिने मानेवर ओतले. आणि मी पुढच्या वळणाकडे हात करून अगदी सहज म्हणालो, “झालंच की ताई! थोडंच राहिलंय. फार तर अर्धा किलोमीटर.”

राहिले होते पावणेतीन किलोमीटर.

मला ते ठाऊक नव्हते असे नाही. १८ किलोमीटरची पाटी आमच्या टेबलाच्या थोडी अलीकडे होती, अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते आणि वजाबाकी मला येते. तरीही तिचा चेहरा पाहून माझ्या तोंडून खरा आकडा निघाला नाही. त्या क्षणी मी दयाळूपणाने वागलो अशीच माझी समजूत होती, आणि खरे सांगायचे तर माझ्या बोलण्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसल्यावर मी स्वतःवर थोडा खूषही झालो. तिचा चेहरा उजळला. तिने बिबवरचा हात सोडला, दोन्ही हात मोकळे करून ती निघाली, आणि तोपर्यंत फरफटत येणारी तिची पावले चक्क उचलून पडू लागली. कागद एका पिनेवर फडफडत राहिला. मी तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या. मग उरलेले पेले गोळा करू लागलो.

पाऊण तासाने आमचे सामान घेऊन जाणारी गाडी त्या वळणापलीकडे गेली, तेव्हा ती पदपथाच्या कडेला बसलेली दिसली. एक बूट काढून बाजूला ठेवला होता आणि दोन्ही हातांनी तिने उजवी पोटरी दाबून धरली होती. वांब आला होता. कातडीखाली स्नायूचा गोळा सरकताना बाहेरून दिसत होता, इतका जोरात. पाय सरळ करून, पंजा वर ओढून थोडा आराम पडला, पण उभे राहताच तो पुन्हा आवळे. शेवटी आम्ही दोघांनी तिला गाडीत चढवले. ती माझ्या शेजारी बसली, बूट मांडीवर घेऊन. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अर्धा किलोमीटर म्हणाला होतात ना तुम्ही?” आवाजात राग अजिबात नव्हता, बिलावरची बेरीज एकदा पडताळून पाहावी तसे तिने विचारले. मी म्हणालो, “अंदाज चुकला माझा.” म्हणजे पहिल्या खोट्यावर मी दुसरे खोटे रचले. गाडीला तिथून काहीच मिनिटे लागली. शर्यत जिथे संपत होती त्या मैदानाच्या तोंडाशी उभारलेल्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायला सुरुवात झाली होती आणि ती एका बाजूला कलली होती. तिने त्या कमानीकडे पाहिले, मग मान वळवून मागच्या काचेतून आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहिले आणि माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाली, “एवढंच होतं होय? चालत आले असते मी.”

ते वाक्य अजून माझ्याबरोबर धावते.

धावण्याच्या रस्त्यांवर हे खोटे इतके रुळलेले आहे की त्याला खोटे म्हणणेही कुणाला पटणार नाही. “शेवटचं वळण”, “आता नुसता उतार आहे”, “ती बघा, दिसतेय कमान” असे ओरडणारी माणसे सगळीकडे भेटतात. मीही धावताना असल्या वाक्यांवर चिडलो आहे आणि टेबलाच्या अलीकडे उभा राहिल्यावर तीच वाक्ये उधळली आहेत. धावणारा माणूस वजाबाकीवर जगतो, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. निघताना त्याच्याजवळ एक आकडा असतो, तो हळूहळू कमी होत जातो, आणि शरीरात शिल्लक काय आहे त्याचा हिशेब माणूस न कळत त्या आकड्याशी घालत राहतो. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन हे त्याच्या हाताशी असलेले इंधन, आणि ते मोजकेच असते. चरबीचा साठा मुबलक असला तरी त्यातून ऊर्जा सावकाश मिळते. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांना तिसाव्या किलोमीटरनंतर केव्हातरी पाय एकाएकी ओंडक्यासारखे जड होण्याचा जो अनुभव येतो, ज्याला ते ‘वॉल लागली’ असे म्हणतात, तो मुख्यतः हा हाताशी असलेला साठा संपत आल्याचा असतो. म्हणून अनुभवी धावपटू सुरुवातीला मुद्दाम हात आखडता घेतो आणि शेवटचा टप्पा दृष्टीच्या टप्प्यात आला की राखून ठेवलेले मोकळ्या हाताने खर्च करतो. मी त्या बाईला सांगितले की टप्पा आला, खर्च करा. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून केला.

वांब माझ्यामुळेच आला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अठरा किलोमीटर धावलेल्या पोटरीला वांब येण्यासाठी माझीच गरज होती असे नाही. तरी थकलेल्या स्नायूकडे अचानक वेग मागितला की तो असा आवळण्याची शक्यता वाढते, हे धावणाऱ्या कुणालाही विचारले तरी तो सांगेल. आणि समजा वांब आला नसता, तरी वळणापलीकडे गेल्यावर समोर कमान नाही, मैदान नाही, नुसता लांबच लांब सरळ रस्ता आहे, हे पाहिल्यावर तिच्या मनाचे काय झाले असेल? २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पुढे वाचला. त्यात धावपटूंना ट्रेडमिलवर एकाच वेगाने धावायला लावले होते. एका फेरीत त्यांना आधीच सांगितले की वीस मिनिटे धावायचे आहे. दुसऱ्या फेरीत सांगितले की दहाच मिनिटे, आणि दहावे मिनिट भरताच सांगितले की आणखी दहा मिनिटे धावा. वेग तोच, माणसे तीच. पण फसवल्या गेलेल्या फेरीत, ती सूचना कानावर पडली त्या क्षणापासून त्यांना श्रम एकदम जास्त जाणवू लागले आणि धावण्यातली गोडी उतरली. पायांवरचा भार रतीभरही वाढला नव्हता. वाढला होता तो फक्त उरलेला आकडा. हे वाचताना मला प्रयोगातले धावपटू दिसलेच नाहीत. वळण घेऊन थबकलेली ती बाई दिसली, एका पिनेवर लटकलेला कागद पुन्हा हाताने धरणारी.

चिकाटीबद्दल आपण बोलतो ते नेहमी दातओठ खाण्याच्या भाषेत. माझे धावणे सुरू झाले तेच त्या भाषेतून. चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी दोन जिने चढून मला धाप लागली आणि दुसऱ्या पहाटे मी बूट घालून बाहेर पडलो. रस्त्यावर विजेचे खांब होते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावायचे आणि तिसऱ्यापर्यंत चालायचे, असे मी ठरवले. पहिल्या खांबाशीच छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली, कानात रक्ताचे ठोके ऐकू येऊ लागले, घशाला लोखंडाची चव आली. मन म्हणाले, आता शक्यच नाही. मी थांबलो, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, आणि अर्ध्या मिनिटात श्वास जाग्यावर आला. म्हणजे मनाने सांगितलेला आकडा खोटा होता. ‘शक्यच नाही’ याचा खरा अर्थ ‘या वेगाने शक्य नाही’ एवढाच होता, हे कळायला मला दोन महिने लागले. एका वयस्क धावपटूने, जो रोज पहाटे मला मागे टाकून अगदी संथपणे पुढे जात असे, एकदा शेजारून जाता जाता विचारले, “पळताना बोलता येतंय का?” मी मान हलवून नाही म्हटले. “मग वेग जास्त आहे. बोलता येईल इतकंच पळायचं.” दुसऱ्या दिवसापासून मी इतका हळू धावू लागलो की फिरायला निघालेली माणसे मला ओलांडून जाऊ लागली. लाज वाटे. पण खांब मोजणे बंद झाले, आणि एका पहाटे लक्षात आले की आपण न थांबता वीस मिनिटे धावलो आहोत आणि त्यातली बरीचशी मिनिटे भलताच काही विचार करत होतो.

त्या दिवसांतला आनंद अजून अंगात आहे. पहाटेच्या अंधारात बुटांच्या तळव्यांचा एकसुरी आवाज, थंडीत तोंडातून निघणारी वाफ, पाठीच्या पन्हाळीतून उतरणारा पहिला घाम. दर आठवड्याला थोडे जास्त अंतर जमत होते आणि मला वाटू लागले की हे असेच वाढत जाणार. एक छोटासा कबुलीजबाबही इथेच देऊन टाकतो. मनगटावरचे घड्याळ ९.९३ किलोमीटर दाखवत असेल, तर तो आकडा १० होईपर्यंत मी घरासमोर वेड्यासारखा येरझाऱ्या घालत असे. आकड्याशी इतका प्रामाणिक असलेला मी त्याच काळात स्वतःच्या पायाशी मात्र सर्रास खोटे बोलत होतो.

डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटे वर, दुखू लागले होते. आधी धावून आल्यावर दुखे. मग धावायला सुरुवात करताना दुखू लागले आणि अंग गरम झाले की थांबे. मग धावताना सतत. मग जिना उतरताना. मी त्यावर बर्फ लावला, पट्टी बांधली आणि स्वतःला सांगत राहिलो की हे मनाचे खेळ आहेत, पहिल्या खांबाशी मन असेच म्हणाले होते ना. एकदा मन खोटे बोलताना सापडले, म्हणून त्याची पुढची प्रत्येक तक्रार मी खोटी ठरवली. अखेर एका पहाटे पाय टेकवताच सुई टोचावी तसे एकाच जागी, बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखले आणि मी लंगडत घरी आलो. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, त्यामुळे मला आणखी चेव आला असता. पण डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला आणि त्यात हाडाला गेलेला बारीक तडा दिसला. हृदय, फुप्फुसे, स्नायू धावण्याला काही आठवड्यांत सरावतात, हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाश चालतात, त्यांना महिने लागतात, असे डॉक्टर समजावून सांगत होते. दम वाढला की माणसाला वाटते सगळे शरीरच तयार झाले. मी खालमानेने ऐकत होतो. ज्याला मी आठ आठवडे चिकाटी म्हणत आलो होतो, ती त्या करड्या चित्रात केसाएवढ्या रेषेसारखी दिसत होती.

धावणे पूर्ण बंद. खिडकीत उभे राहून धावणाऱ्यांकडे पाहणे सुरू.

त्यानंतर परत येणे हे माझ्या धावण्यातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण आहे, आणि चिकाटी म्हणून काही माझ्याजवळ असेलच, तर ती मला तिथे सापडली. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे दहा वेळा. दुखले तर थांबायचे, एक दिवस सोडायचे, पुन्हा मागच्या आठवड्याच्या आकड्यावर यायचे. यात पराक्रम काही नाही, टाळ्या नाहीत, पाहणाऱ्याला तर हा माणूस धावतोय की काही हरवलेले शोधतोय तेही कळू नये. मिनिट संपले की घड्याळ मनगटावर थरथरे आणि मी आज्ञाधारकपणे चालू लागे, पाय अजून धावायला उत्सुक असले तरी. न थांबण्यापेक्षा ठरल्या जागी थांबणे मला जास्त कठीण गेले. कारण त्यासाठी रोज स्वतःला एक नको असलेला आकडा खरा खरा सांगावा लागे: आज दहा मिनिटे, त्याहून एकही जास्त नाही. मोठी उडी घ्यायची ऊर्मी चढत असताना तो छोटा आकडा पाळणे, आणि काही न जमलेल्या दिवशीही दुसऱ्या पहाटे त्याच आकड्यापासून निघणे, याला शब्द कोणता वापरावा मला माहीत नाही. दातओठ त्यात कुठेच खावे लागत नाहीत, एवढे खरे.

मदत करणाऱ्यांविषयी विचार करू लागलो तेव्हा मला दोरांदो पिएत्री पुन्हा वेगळा दिसू लागला. १९०८ सालच्या लंडन ऑलिम्पिकमधली त्याची मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या जगात सर्वांना ठाऊक असते. २६ मैल ३८५ यार्ड हे विचित्र अंतर त्याच शर्यतीत प्रथम धावले गेले आणि पुढे १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरले. हा लहान चणीचा इटालियन सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला, पण इतका भेलकांडलेला की चुकीच्या दिशेने वळला. मग कोसळला. उठला, पुन्हा कोसळला, असे अनेकदा. शेवटी अधिकाऱ्यांना ते पाहवेना आणि त्यांनी त्याला हात देऊन, सावरून अंतिम रेषेपार नेले. वेळ लागली २ तास ५४ मिनिटे ४६ सेकंद. अमेरिकेने तक्रार केली, पिएत्री बाद ठरला आणि मागून स्वतःच्या पायांनी आलेल्या जॉनी हेझला सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला एक चषक दिला. ही कथा नेहमी पिएत्रीच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मी मात्र आता त्या जुन्या छायाचित्रात त्याच्या शेजारचा, हातात भोंगा धरलेला माणूस पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर मला ओळखीचे काहीतरी दिसते. ज्याचे भले करायचे आहे त्याच्याच हातून शर्यत काढून घेणारा चांगुलपणा, तो तसा असतो. अर्थात तिथे एक माणूस मरेल की काय अशी भीती होती; माझ्यासमोर तसे काहीही नव्हते.

तशीच भीती १९८४ साली लॉस एंजेलिसला होती. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच होत होती आणि स्वित्झर्लंडची ३९ वर्षांची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली ती अक्षरशः वाकडी होऊन. डावा हात लोंबत होता, उजवा पाय ताठ झाला होता, धड एका बाजूला कलले होते. शेवटच्या पाण्याच्या जागी तिचे पाणी चुकले होते, असे नंतर समजले. पाण्याच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या माणसाला हा तपशील जरा जास्तच टोचतो. वैद्यकीय अधिकारी जवळ येताच तिने त्यांना हाताने दूर सारले, कारण त्यांनी स्पर्श केला असता तर ती बाद झाली असती. ते थांबले. पण पाठ फिरवून गेले नाहीत, तिच्या बाजूने चालत राहिले. तिला घाम येतो आहे हे त्यांनी पाहिले, म्हणजे शरीर स्वतःला थंड करायची धडपड अजून करते आहे, आणि त्यांनी तिला जाऊ दिले. शेवटच्या ४०० मीटरला तिला पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागले. ती ३७वी आली आणि रेषेपलीकडे माणसांच्या हातांत कोसळली. ते दृश्य पाहताना सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात, आणि असायला हवेतच. मला त्या चालणाऱ्या माणसांचे कौतुक वाटते. त्यांना तिच्याशी खोटे बोलावे लागले नाही आणि तिला एकटीही सोडावे लागले नाही. तिच्या कातडीवरच्या घामाकडे पाहत, हात मागे घेऊन चालणे, एवढेच त्यांनी केले.

आणि अर्ध्यात थांबलेल्यांचे काय? गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईसाठी त्या दिवशी मला एक माणूस आठवायला हवा होता. शिझो कानाकुरी हा जपानी धावपटू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला जहाज आणि रेल्वेचा अडीच आठवड्यांहून लांब प्रवास करून पोहोचला. मॅरेथॉनच्या दिवशी भयंकर उष्मा होता. वाटेत त्याची शुद्ध हरपू लागली, एका कुटुंबाने त्याला आपल्या बागेत आसरा दिला आणि तो तिथून, कुणाही अधिकाऱ्याला न सांगता, परस्पर निघून गेला. शरमेने, असे म्हणतात. स्वीडनमध्ये तो हरवलेल्यांच्या यादीत राहिला. १९६७ मध्ये त्याला पुन्हा बोलावून ती शर्यत पूर्ण करायला लावली गेली, तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि त्याची वेळ नोंदली गेली ती ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे, २०.३ सेकंद अशी. लोक हा आकडा सांगून हसतात आणि तो आहेही गमतीचा. पण मधल्या काळात त्याने काय केले ते सहसा कुणी सांगत नाही. तो १९२० आणि १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पुन्हा मॅरेथॉनला उभा राहिला, पहिल्या वेळी सोळावा आला, दुसऱ्या वेळी पुन्हा अर्ध्यातच सुटला. शिवाय १९२० मध्ये सुरू झालेल्या आणि आजही जपानमध्ये दर जानेवारीत धावल्या जाणाऱ्या हाकोने एकिदेन या विद्यापीठांच्या लांब पल्ल्याच्या साखळी शर्यतीच्या उभारणीत त्याचा हात होता. एका बागेत बसून राहिल्यानंतरचे हे सगळे आहे.

स्पर्धेचा निकाल जाहीर झाला तेव्हा मी तिचा बिब क्रमांक शोधला. एका पिनेवर फडफडणारा तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होता. त्याच्यापुढे नाव होते, १५ किलोमीटरपर्यंतच्या वेळा होत्या आणि शेवटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. मी तिच्या आधीच्या वेळा पाहिल्या. पहिले पाच किलोमीटर, दुसरे पाच, तिसरे पाच. तिन्हींत एका मिनिटाचाही फरक नव्हता. ती बाई शिल्लक नेमकी मोजत आली होती. तिला दिलासा नको होता, तिला फक्त एक आकडा हवा होता, आणि तो माझ्याजवळ होता.

पुढच्या वर्षी मी तेच टेबल मागून घेतले. आदल्या संध्याकाळी घड्याळ लावून तिथून मैदानापर्यंत चालत गेलो आणि आलो. वळणानंतरचा सरळ रस्ता मला वाटत होता त्याहूनही लांब निघाला, आणि शेवटी एक हलकासा चढ आहे, तो गाडीत बसल्यावर कधी जाणवलाच नव्हता. सकाळी एका पुठ्ठ्यावर जाड काळ्या शाईने लिहिले: अजून २.७४ किलोमीटर, शेवटी चढ. तो टेबलाला टेकवून ठेवला. माझ्याबरोबरच्या तरुण स्वयंसेविकेला तो मुळीच आवडला नाही. “काका, असं कशाला घाबरवायचं लोकांना?” असे तिने विचारले, आणि तिचे अगदीच चुकत होते असे मला आजही म्हणवत नाही. पुठ्ठा वाचून काही जणांचे खांदे पडलेले मी स्वतः पाहिले. एकाने तर हात जोडून, “उपकार झाले,” असे उपरोधाने म्हटले. पुढे गेलेल्या कितीतरी जणांचे काय झाले ते मला ठाऊक नाही. कमान माझ्या टेबलावरून दिसत नाही.

आवराआवर सुरू झाल्यावर एक गृहस्थ आले. उंच, वाकलेले, एका पायावर जरा जास्त भार देत. पुठ्ठा त्यांच्या समोरच होता, पण चष्म्यावर घामाचे थेंब होते. “किती राहिलंय हो?” त्यांनी विचारले. माझ्या जिभेवर ‘झालंच’ हा शब्द आला होता, सवयीने. तो गिळून मी म्हणालो, “पावणेतीन किलोमीटर आहे, काका. शेवटी थोडा चढ लागेल.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग वळणाकडे. चेहरा पडला, मला तो पाहावेना आणि मी उगाचच पाण्याचे पेले सरळ रेषेत लावू लागलो. त्यांनी चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसला. घड्याळात पाहिले, ओठ हलले, काहीतरी मोजले. मग टेबलाच्या कडेला हात टेकून ते सावकाश खाली वाकले, बुटाची सैल झालेली नाडी पूर्ण सोडली, प्रत्येक भोकातून ती ओढून घट्ट केली, दुहेरी गाठ मारली आणि दुसऱ्या बुटाकडे वळले.